संयुग्मनातल्या प्रथिनांची रचना अभ्यासायची आहे, पण हाताशी यंत्रं नाहीत. काय करावं?

नमस्कार.

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढचं वाचणाऱ्यांना संदर्भ लागेल. तुम्ही नाशिकला एमएस्सी मायक्रोबायोलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहात. मॅडमनी प्रोजेक्टला विषय दिलाय, 'जिवाणूंमधल्या जनुक-हस्तांतरणात भाग घेणाऱ्या प्रथिनांचा रचनात्मक अभ्यास'. मुदत पाच-सहा महिने. लॅबमध्ये इनक्युबेटर, ऑटोक्लेव्ह, एक लॅमिनार आणि घरी स्वतःचा लॅपटॉप. तुम्ही विचारलंय की एक्स-रे स्फटिकशास्त्र (प्रथिनाचे स्फटिक करून त्यावर क्ष-किरण टाकणं) शिकू, क्रायो-ईएमच्या (गोठवलेली प्रथिनं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं) मागे लागू, की अल्फाफोल्डवर (प्रथिनाच्या घडीचा अंदाज बांधणारा संगणक प्रोग्राम) मॉडेल काढून त्यावर डॉकिंग (औषधाचा रेणू संगणकावर बसवून पाहणं) करू आणि मोकळी होऊ? आणि अगदी शेवटी एक ओळ लिहिलीय, जी बाकीच्यांनी सोडून दिली: "बाबांची सटाण्याला डाळिंबाची बाग आहे. ते विचारतात, याचा आपल्याला काय उपयोग? मला सांगता येत नाही."

मी मूळचा नाशिकचाच. याच प्रथिनांवर वीसेक वर्षं काम केलं, आता परत गंगापूर रोडला येऊन राहिलोय. त्यामुळे दोन्ही प्रश्नांना उत्तर द्यायचा मोह आवरत नाही.

कोणतं तंत्र वापरू, हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा आहे. पहिला असा, की कोणतं प्रथिन, आणि ते काय करत असताना तुम्हाला पाहायचंय? विषयाच्या शीर्षकात 'प्रथिनांचा' म्हटलंय. कोणत्या, ते म्हटलेलं नाही. संयुग्मन, म्हणजे एका जिवाणूने दुसऱ्याला चिकटून डीएनए देणं, आपण लॅबमध्ये ज्याला सरळ कॉन्ज्युगेशन म्हणतो, त्यात एकट्या एफ-प्लाझ्मिडच्या (प्लाझ्मिड म्हणजे जिवाणूतलं डीएनएचं छोटं, सुटं वर्तुळ) बाबतीत डझनावारी प्रथिनं कामाला असतात. त्यातलं एक निवडून त्याला एक नेमका प्रश्न विचारल्याशिवाय कितीही महागडं यंत्र मिळालं तरी हाती फक्त रंगीत चित्र येतं.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगतो. पुढे पीएचडी करायची असेल आणि पुण्यात एखाद्या लॅबमध्ये उन्हाळ्याचे दोन महिने बसायला मिळत असेल, तर प्रथिन शुद्ध करायला जरूर शिका. ते हाताचं कौशल्य आहे, व्हिडिओ पाहून येत नाही. तुमच्या कॉलेजात जैवसुरक्षा समिती आहे का, जनुकात बदल केलेले प्लाझ्मिड बनवायची परवानगी मिळेल का, तेही विचारून घ्या. आणि मॅडमना 'रचनात्मक अभ्यास' म्हणजे नवी रचना काढणं अपेक्षित आहे की माहीत असलेल्या रचनेवरून काम करणं, हे स्पष्ट विचारा. माझा अंदाज आहे की दुसरं. पहिलं असेल तर सहा महिन्यांत ते होणार नाही, हे माझ्याकडून लिहून घ्या.

का होणार नाही, ते माझ्या पहिल्या वर्षावरून सांगतो.

मला एका प्लाझ्मिडचं रिलॅक्सेज, म्हणजे त्याचा डीएनए कापून पलीकडे नेणारं प्रथिन, दिलं होतं. निकेलच्या कॉलमवरून प्रथिन झकास यायचं, जेलवर एकच जाड पट्टा. पण सेंट्रिफ्यूजमध्ये गाळणीवर आटवायला लागलं, की दुधात लिंबू पिळल्यासारखं फाटायचं. मीठ वाढवलं, ग्लिसरॉल घातलं, तेव्हा कुठे ते विरघळलेलं राहिलं. मग ट्रे लावल्या. काचेच्या छोट्या झाकणावर एक मायक्रोलिटर प्रथिन आणि एक मायक्रोलिटर द्रावण, खालच्या विहिरीत तेच द्रावण अर्धा मिलिलिटर, कडेला ग्रीज लावून झाकण उलटं बसवायचं. थेंबातलं पाणी सावकाश उडत जातं, प्रथिनाची दाटी होते आणि नशीब असेल तर दोऱ्यावर खडीसाखर धरावी तसे खडे धरतात. असे काही शे थेंब. सातव्या आठवड्यात एका थेंबात मला सुबक, कडा धारदार असलेले खडे दिसले. पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी वरिष्ठांनी बारीक सुईने एक खडा टोचला, तर तो 'कट्' करून वाजला. प्रथिनाचा स्फटिक मऊ असतो. त्यात निम्मं पाणीच असतं, सुई लागली की भुगा होतो. वाजतो तो मिठाचा. माझ्या बफरमधलं फॉस्फेट आणि द्रावणातलं कॅल्शियम यांनी मिळून मला पेढे वाटायला लावले होते.

वरिष्ठ रागावले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "हे प्रथिन पेशीत असं रिकाम्या हाताने बसलेलं असतं का रे?" नसतं. ते डीएनए पकडून असतं. मग त्याच्या आवडीच्या क्रमाचा, स्वतःवर दुमडून केसांच्या पिनेसारखा होणारा डीएनएचा छोटा तुकडा मागवला, प्रथिनात मिसळला आणि पुन्हा ट्रे लावल्या. तीन आठवड्यांत स्फटिक आले, आणि या वेळी वाजले नाहीत. रिकाम्या प्रथिनाचा एक भाग सैल, हलता राहायचा. डीएनए हातात आल्यावर तो मिटला, आणि सगळे रेणू एकसारखे दिसायला लागले. मुळात स्फटिक म्हणजे एकसारख्या गोष्टींची रांग. प्रत्येक जण वेगळ्या पोझमध्ये उभा असेल तर रांग लागत नाही.

त्या वर्षाने शिकवलेली गोष्ट मी अजून धरून आहे. जनुक-हस्तांतरणाची प्रथिनं म्हणजे हलणारी यंत्रं आहेत. त्यांचा फोटो काढायचा तर ती काय करत असताना काढायचा, ते आधी ठरवावं लागतं. गेल्या पंचवीसेक वर्षांतल्या मोठ्या रचना पाहिल्या, तर प्रत्येक वेळी कुणीतरी हेच ठरवलेलं दिसतं. तीन उदाहरणं देतो. तुमच्या प्रोजेक्टचा पहिला धडा यातूनच लिहिता येईल.

पहिलं रिलॅक्सेजचं. लेडरबर्ग आणि टेटम यांनी १९४६ साली दाखवलं की ई. कोलाय जिवाणू एकमेकांना जनुकं देतात. पण कापतं कोण, नेतं कोण हे कळायला पुढे कित्येक दशकं गेली. रिलॅक्सेज प्लाझ्मिडवरच्या ठरलेल्या जागी डीएनएच्या दोन धाग्यांपैकी एकच कापतं. कापून सोडून मात्र देत नाही. आपल्यातल्या टायरोसीन या अमिनो आम्लाने कापलेलं टोक स्वतःला पक्क्या रासायनिक बंधाने जोडून घेतं आणि त्या टोकासकट पलीकडच्या पेशीत जातं. तिकडे धाग्याची टोकं पुन्हा जुळवून वर्तुळ पुरं करतं. २००३ साली बार्सिलोनातल्या मिकेल कोल यांच्या गटाने आर३८८ प्लाझ्मिडचं टीआरडब्ल्यूसी हे रिलॅक्सेज डीएनएसकट पाहिलं. प्रोटीन डेटा बँकेत त्याचा क्रमांक १ओएमएच (शोधताना अर्थात इंग्रजी अक्षरांत टाका). लॅपटॉपवर कायमेराएक्स उतरवून घ्या, ते विद्यार्थ्यांना फुकट आहे, आणि ही रचना उघडा. तळहात आणि बोटांनी डीएनए धरल्यासारखं दिसेल. मध्ये तीन हिस्टिडीन शोधा, ती धातूचा एक आयन धरण्यासाठी आहेत. शेजारी टायरोसीन. एक संध्याकाळ यातच घालवा. मी अजून घालवतो.

दुसरं उदाहरण कोड्यासारखं आहे. एफ-प्लाझ्मिडचं रिलॅक्सेज, ट्राआय, १,७५६ अमिनो आम्लांचं आहे, साधारण १९२ किलोडाल्टन. डीएनए कापणं आणि दोन धागे उलगडणं, दोन्ही कामं तेच करतं. आता एवढं धूड पेशीबाहेर पडणार कुठून? ज्या प्रथिनाच्या हाती डीएनएला वाहिनीपर्यंत (पेशीच्या आवरणातला प्रथिनांचा बोगदा) पोचवण्याचं काम आहे, त्या टीआरडब्ल्यूबीची रचना २००१ सालीच आली होती. सहा एककं गोलाकार बसलेली आणि मधोमध सुमारे २० अँगस्ट्रॉमची (अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) वाट. पोत्यातलं कलिंगड बाटलीच्या तोंडातून काढण्यातला प्रकार! लंडनच्या गेब्रियल वॉक्समन यांच्या गटाने २०१७ साली क्रायो-ईएमने ट्राआय डीएनएवर बसलेलं दाखवलं, आणि कापण्याचं व उलगडण्याचं काम एकाच वेळी एकाच रेणूला जमणारं नाही, त्यासाठी दोन रेणू लागतात, असं त्यातून पुढे आलं. २०१८ साली त्याच गटाने प्रयोगातून दाखवलं की वाहिनीतून जाताना रिलॅक्सेजची घडी मोडावी लागते. म्हणजे ते सुतासारखं उलगडून जातं आणि पलीकडे परत घडी घालतं. हे शेवटचं कुठल्याही एका फोटोत दिसलं नसतं. रचनेने कोडं घातलं आणि प्रयोगाने ते सोडवलं, हा क्रम लक्षात ठेवा. तुम्हाला मी पुढे हेच करायला सांगणार आहे.

तिसरं माझं लाडकं. एफ-पिलस, म्हणजे जिवाणू बाहेर काढतो तो लांब, बारीक धागा. तो एकाच छोट्या प्रथिनाच्या हजारो प्रतींचा बनलेला आहे, हे जुनंच ज्ञान. २०१६ साली क्रायो-ईएमने जवळून पाहिलं तेव्हा कळलं की प्रत्येक प्रथिनामागे एक फॉस्फोलिपिडचा रेणू आहे. पेशीच्या आवरणातलं तेल जणू! त्या लिपिडची डोकी आतल्या नळीच्या भिंतीला आहेत. नळी जेमतेम २८ अँगस्ट्रॉम रुंद. नुसतं प्रथिन असतं तर भिंतीवर धन प्रभार राहिला असता आणि ऋण प्रभाराचा डीएनए त्याला चिकटला असता. लिपिडमुळे भिंत किंचित ऋण होते, तेव्हा डीएनएने सरकत जावं अशी ती सोय असावी. हे लिपिड तिथे असं बसलेलं असेल, हे फारसं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

आणि इथेच अल्फाफोल्डबद्दल बोलून घेतो. मी त्याच्या विरोधात नाही. २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा ते घडवणाऱ्यांना मिळाला तो योग्यच. माझ्या वेळी असतं तर दोन वर्षं वाचली असती. पण ते तुम्ही दिलेल्या क्रमाची घडी सांगतं. जे तुम्ही दिलंच नाही, ते पिलसातल्या लिपिडसारखं त्याला कुठून कळणार? मॉडेल आलं की आधी रंग पाहा. विश्वासाचा आकडा ७० च्या खाली असेल तो भाग संशयाने पाहायचा, ५० च्या खाली असेल (तो भाग नारिंगी दिसतो) तर तिथे ठरावीक आकार नसण्याचीच शक्यता जास्त. माझ्याकडे एक मुलगा अशाच नारिंगी शेपटीत औषधाचा रेणू बसवून आला होता. म्हणाला, बंध फार मजबूत आलाय सर. मी म्हटलं, अरे, हवेत लोंबणाऱ्या दोरीला गाठ मारलीस तू.

डॉकिंगबद्दल तर माझं मत कडकच आहे. नुसतं डॉकिंग करून 'अमुक वनस्पतीतलं तमुक द्रव्य रिलॅक्सेज थांबवतं' असे प्रबंध ढिगाने निघतात. यातलीच एक खरी गोष्ट ऐका. २००७ साली एक निबंध आला होता, की हाडांच्या ठिसूळपणावर देतात त्या जातीची बिस्फॉस्फोनेट औषधं ट्राआयला अडवतात आणि प्लाझ्मिड बाळगणारे जिवाणू निवडून मारतात. रचना होती, प्रयोग होते, सगळे खूश. २०१२ साली त्याच कामातल्या काही लोकांनी पुन्हा बारकाईने तपासलं, तेव्हा पेशींवरचा परिणाम मुख्यतः धातूचे आयन ओढून घेण्याने होत असल्याचं दिसलं. धातूचे आयन पकडणाऱ्या साध्या ईडीटीएनेही तेच होत होतं. आपल्याच निकालावर असं लिहायला धारिष्ट लागतं, त्यांना माझा नमस्कार. पण जिथे प्रयोग करूनही फसगत होते, तिथे नुसत्या डॉकिंगचं काय सांगायचं?

तंत्रांचं एकदा उरकून टाकतो. रिलॅक्सेजसारखं आटोपशीर, डीएनए धरून घट्ट झालेलं प्रथिन असेल तर स्फटिकशास्त्र. भारतात त्यासाठी इंदूरच्या इंडस-२ सिंक्रोट्रॉनवर (तीव्र क्ष-किरण देणारं मोठं यंत्र) प्रथिनांची बीमलाइन आहे. पेशीच्या आवरणात रुतलेलं, अनेक प्रथिनांचं मोठं यंत्र असेल तर क्रायो-ईएम, त्याची सोय बेंगळुरूला आहे. संयुग्मनाची अख्खी वाहिनी याच मार्गाने कळत गेली. २००९ साली तिच्या बाहेरच्या भागात तीन प्रथिनांच्या चौदा-चौदा प्रती गोलात बसलेल्या दिसल्या, २०२२ साली आर३८८ ची जवळजवळ पूर्ण वाहिनी बारकाव्यांसह आली. त्यामागे मोठा गट आणि कित्येक वर्षं आहेत. तुमच्या सहा महिन्यांत यातलं काहीच बसत नाही, आणि त्यात कमीपणा काही नाही.

आता बाबांचा प्रश्न.

डाळिंबावर तेल्या आला की सटाणा-देवळा-मालेगाव पट्ट्यात स्ट्रेप्टोसायक्लिनची पुडी टाकीत पडत आलीय, हे त्यांना मी सांगायला नको. त्यात मुख्यतः स्ट्रेप्टोमायसिन आणि थोडं टेट्रासायक्लिन. तेल्या हा झँथोमोनास या जिवाणूचा रोग, म्हणून प्रतिजैविक. पण फवारा काही झँथोमोनासला पत्ता विचारून त्याच्यावरच पडत नाही. पानावरचे, बांधावरचे, मातीतले असंख्य निरुपद्रवी जिवाणूही भिजतात. त्यांच्यातल्या काहींकडे एसटीआर-ए आणि एसटीआर-बी ही जनुकांची जोडी असते. ती स्ट्रेप्टोमायसिनला फॉस्फेट चिकटवून निकामी करते. हीच जोडी जगात फळबागांमधल्या रोगजंतूंमध्येही सापडलीय आणि माणसाच्या आजारांच्या जंतूंमध्येही.

ती फिरते कशी? एक छोटा प्लाझ्मिड आहे, आरएसएफ१०१०, नऊ हजार बेसपेक्षाही लहान. ही जोडी त्याच्यावर असते. त्याच्याकडे स्वतःची वाहिनी नाही, पिलस नाही. आहे ते मुख्यतः मॉब-ए नावाचं रिलॅक्सेज. बाबांना असं सांगा: सटाण्याहून नाशिकला यायला त्याच्याकडे गाडी नाही, पण कुठल्याही काळी-पिवळीत चालेल असं तिकीट आहे. दुसऱ्या प्लाझ्मिडने आपल्यासाठी वाहिनी उभी केली, की हा मागच्या सीटवर बसतो. इतका सराईत प्रवासी, की १९८७ साली अ‍ॅग्रोबॅक्टेरियमच्या वाहिनीत बसून तो थेट वनस्पतीच्या पेशीत उतरल्याचं दाखवलं गेलं. मुळात अ‍ॅग्रोबॅक्टेरियम झाडात आपला डीएनए घालतो तोही याच जातीच्या वाहिनीतून, व्हीआयआरडी२ नावाच्या रिलॅक्सेजला चिकटवून. बीटी कापसातलं जनुक कपाशीत गेलं ते याच वाटेने. मालेगाव-येवल्याकडे ज्यांनी बीटी लावलंय, त्यांच्या बांधावर ही प्रथिनं कधीच येऊन गेलीत म्हणायची.

तेव्हा उपयोग काय, तर एवढा: तुमच्या बागेतल्या जिवाणूंमध्ये असं घडतंच आहे, असं मी म्हणत नाही, ते नमुने तपासल्याशिवाय कुणी म्हणू नये. पण औषध 'लागू पडेनासं' होतं तेव्हा दर वेळी नवा रोगजंतू नव्याने शिकून येतो असं नाही, शेजाऱ्याकडून तयार जनुक आणतो, आणि ते आणणारं तिकीट म्हणजे हे प्रथिन. तिकिटाचा आकार कळला तर ते फाडायचं कसं, याचा विचार सुरू करता येतो. आज तसं औषध बाजारात नाही. बाबांना खोटी आशा लावू नका. सध्या त्यांच्या हातात एवढंच आहे, की पुडी सवयीने टाकायची नाही. रोगट फांद्या छाटून बागेबाहेर जाळणं, कात्री दर झाडाला निर्जंतुक करणं, हे आधी.

आता तुमचं काम. मी असतो तर काय केलं असतं ते लिहितो.

तुमच्या विभागाच्या डीप फ्रीजमध्ये क्लोनिंगच्या प्रॅक्टिकलसाठी ठेवलेल्या एक्सएल१-ब्लू, जेएम१०९ आणि एचबी१०१ या ई. कोलाय स्ट्रेन बहुधा असतील. नसतील तर शेजारच्या कॉलेजात विचारा. पहिल्या दोन्हींत एफ-प्लाझ्मिडचं एक रूप आहे. दोघी पिलस काढतात, दोघींना एम१३ फाज (पिलसला धरून शिरणारा विषाणू) लागतो. पण जेएम१०९ च्या प्लाझ्मिडवर ट्राडी३६ नावाचं उत्परिवर्तन आहे. ट्राडी म्हणजे वर सांगितलेल्या टीआरडब्ल्यूबीचा एफ-प्लाझ्मिडमधला भाऊ, डीएनए वाहिनीपर्यंत पोचवणारा. म्हणजे निसर्गाने नव्हे, तर क्लोनिंग करणाऱ्यांनी सुरक्षेसाठी तुमचा प्रयोग अर्धा करून ठेवलाय: हात पुढे करते, पण वस्तू देत नाही अशी एक स्ट्रेन आणि देणारी दुसरी, शेजारी शेजारी, फ्रीजमध्ये. एचबी१०१ घेणारी. ती स्ट्रेप्टोमायसिनला दाद देत नाही आणि तिला प्रोलीन बनवता येत नाही. दोन्ही डोनरच्या, म्हणजे पहिल्या दोन स्ट्रेनच्या, प्लाझ्मिडवर प्रोलीनची जनुकं आहेत. तेव्हा ग्लुकोजच्या मिनिमल अगारमध्ये ल्युसीन, थायमिन आणि स्ट्रेप्टोमायसिन घाला, प्रोलीन नको. डोनर स्ट्रेप्टोमायसिनने मरेल, एचबी१०१ प्रोलीनविना उपाशी राहील, आणि ज्या एचबी१०१ ला प्लाझ्मिड मिळाला तीच वाढेल. एक्सएल१-ब्लूच्या प्लाझ्मिडवर टेट्रासायक्लिन-रोधक टीएन१० हा डीएनएचा तुकडाही आहे, म्हणून तिच्यापुरतं साध्या एलबीवर टेट्रासायक्लिन अधिक स्ट्रेप्टोमायसिन असंही पडताळता येईल. टेट्रासायक्लिनच्या प्लेटा फॉइलमध्ये गुंडाळून ठेवा, उजेडात ते खराब होतं.

रचनेचा भाग असा: टीआरडब्ल्यूबीची रचना (१ई९आर) उघडा, ट्राडीचं मॉडेल काढा, दोन्ही एकमेकांवर बसवा, सहाचं वर्तुळ करून पाहा. इंधनाचा रेणू एटीपी कुठे बसतो, वाट कुठे अरुंद होते, ते नोंदवा. मग आधी लेखी भाकीत करा, की हे प्रथिन मोडलं तर पिलस राहील का, पेशींची जोडी जमेल का, हस्तांतरण होईल का? आणि मग प्लेट लावा.

दुसरा प्रयोग पिलसाच्या लिपिडवरून. १९७० च्या दशकातलं जुनं काम आहे, की ०.०१ टक्का एसडीएस (साबणासारखं द्रव्य) टाकलं की एफ-पिलस विरघळतात, पण एकदा घट्ट जमलेल्या जोड्या त्याने सुटत नाहीत. २०१६ ची रचना समोर ठेवून हे पुन्हा करा. मिश्रणात एसडीएस शून्य मिनिटाला, दहाव्या मिनिटाला, विसाव्या मिनिटाला, आणि एका नळीत अजिबात नाही. एसडीएसने डोनर मरत तर नाहीत ना, हे वेगळ्या प्लेटवर मोजायचं, नाहीतर २००७ च्या त्या बिस्फॉस्फोनेटवाल्यांची चूक आपल्या हातून होते.

हाताच्या दोन-चार गोष्टी. डोनर वाढवताना शेकर जोरात ठेवू नका, पिलस तुटतात. ३७ अंश सोडू नका. नाशिकची डिसेंबरातली लॅब आणि मध्येच गेलेली वीज म्हणजे तुमचा निकाल गेला समजा, त्या दिवशीचे आकडे वहीत लिहा पण वापरू नका. एफ द्रवातही छान जमतो, मात्र उद्या कुणी आर३८८ दिला तर फिल्टरवर, अगारवर ठेवूनच करा. त्याचे पिलस ताठ असतात आणि द्रवात जोडी टिकत नाही. मी एकदा पूर्ण महिना ब्रॉथमध्ये शून्य मोजत बसलो होतो आणि प्रथिन बिघडलंय असा अहवालही लिहून ठेवला होता. ठरलेल्या वेळी मिश्रण व्हॉर्टेक्सवर जोरात फिरवून जोड्या तोडा आणि लगेच पातळ करा, नाहीतर प्लेटवरही देवघेव चालूच राहते. एफ मिनिटाला साधारण पंचेचाळीस हजार बेस पलीकडे ढकलतो. तुम्ही पिपेटची टिप शोधताय तेवढ्यात अर्धा प्लाझ्मिड गेलेला असतो.

आकडा मांडताना ट्रान्सकॉन्ज्युगंट (प्लाझ्मिड मिळालेल्या एचबी१०१) भागिले डोनर, असं करा. समजा मिलिलिटरला ४२ लाख ट्रान्सकॉन्ज्युगंट आणि ६ कोटी डोनर, तर ०.०७, म्हणजे शंभर डोनरमागे सात. प्रत्येक प्रयोग वेगवेगळ्या दिवशी, ताज्या कल्चरवरून, निदान तीनदा. एकाच दिवशी तीन प्लेटा लावल्या म्हणजे तीनदा झालं, असं नाही.

या स्ट्रेन निरुपद्रवी आहेत, तरी समितीला कळवून ठेवा. आणि कुणी उत्साहाने हॉस्पिटलमधला एनडीएमवाला, बहुतेक प्रतिजैविकांना न जुमानणारा, जंतू आणून देतो म्हणाला, तर सरळ नको म्हणा. रोध पसरतो कसा, हे शिकायला रोध पसरवण्याची गरज नसते.

सुरुवात मात्र डोनर आणि एचबी१०१ मिसळून करू नका. आधी निवडीच्या प्लेटवर नुसतं एचबी१०१ पसरा, दुसरीवर नुसता डोनर, आणि दोन दिवस ठेवा. दोन्ही कोऱ्या राहिल्या तरच पुढे जा. कॉलन्या आल्या तर इथे लिहा, आकडे नकोत, प्लेटचा फोटो टाका.